चिऊला तिळगूळ का चालत नाही?

मुलांनो,

संक्रांत अगदी तोंडावर आली आहे. घरोघरी तीळ भाजल्याचा खमंग वास सुटला असेल. तुमच्यापैकी एखाद्यानं तर गुळाच्या ढेपेचा खडा आत्ताच पळवला असेल. खरं की नाही?

आज तुम्हाला गेल्या संक्रांतीची गोष्ट सांगते. आमच्या अंबडच्या शाळेतलीच आहे. मुलांनी घरून तिळगूळ आणला होता आणि बाकाबाकावर जाऊन सगळे एकमेकांना वाटत होते. पण चौथीतल्या एका मुलीनं हात पुढे केलाच नाही. दोन्ही हात पाठीमागे लपवून ती हळूच म्हणाली, "मला चालत नाही."

"तिळगूळ चालत नाही? असं कुठं असतं का!" एक जण हसला. त्याचं बघून दुसरा हसला. मग सगळा वर्गच हसायला लागला आणि ती मुलगी रडायला लागली.

तिचं खरं नाव मी सांगणार नाही. आपण तिला चिऊ म्हणू या. चिऊला तिळगूळ का चालत नव्हता, ते शोधताना मी खूप काही शिकले. या गोष्टीत एक चूक माझीही आहे बरं का. तीही सांगणार आहे.

जत्रेतले डूल

अंबडची मत्स्योदरी देवी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. माशाच्या आकाराच्या टेकडीवर देवीचं देऊळ आहे. नवरात्रात इथे मोठी जत्रा भरते. पाळणे, रेवड्या, बांगड्या, खेळणी, नुसती धमाल! त्या जत्रेत चिऊनं आईजवळ हट्ट करून चकचकीत डूल घेतले.

दोन दिवस झाले आणि चिऊचे कान खाजायला लागले. पाळ्या लाल झाल्या, त्यांतून पाणी येऊ लागलं. आजीनं डूल काढून कानात कडुनिंबाची काडी घातली. आठ-दहा दिवसांत कान बरे झाले. दिवाळीला चिऊनं हौसेनं तेच डूल पुन्हा घातले आणि पुन्हा तोच त्रास! पुढे बेंबीच्या खाली, शाळेच्या बेल्टचं बक्कल टेकतं नेमक्या त्याच जागी, पुरळ उठलं. मग हातांच्या बोटांवरही बारीक बारीक पाण्याचे फोड आले.

आता माझी चूक ऐका. चिऊची बोटं पाहून मला वाटलं, ही खरूज आहे. इतर मुलांना लागेल म्हणून मी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. खिचडी वाढतानाही तिला वेगळं बसायला सांगितलं. कुणाला काही विचारलं नाही की तिच्या घरी निरोप पाठवला नाही. मी बसवलं म्हणून मुलंही तिच्यापासून लांब राहू लागली. तिच्या खेळातल्या मैत्रिणीसुद्धा!

चिऊच्या आईनं तिला जालन्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ही खरूज नाही. हिला निकेलचं वावडं आहे. हे एकाचं दुसऱ्याला कधीच लागत नाही."

तांब्याच्या खाणीतलं भूत

निकेल म्हणजे काय? तो एक धातू आहे, चांदीसारखा पांढरा आणि चकचकीत. त्याच्या नावाची गोष्ट मोठी गमतीची आहे.

जर्मनीतल्या खाणकामगारांना एक तांबूस दगड सापडायचा. त्यात तांबं असणार म्हणून ते तो भट्टीत घालायचे. तांबं तर निघायचं नाहीच, उलट विषारी वाफा निघून माणसं आजारी पडायची. कामगार म्हणायचे, हा खाणीतल्या खोडकर भुताचा चाळा आहे! त्या भुताला ते 'निकेल' म्हणत. म्हणून त्या दगडाचं नाव पडलं 'कुप्फरनिकेल', म्हणजे तांब्याचं भूत. १७५१ साली स्वीडनच्या अॅक्सेल क्रोन्स्टेट या शास्त्रज्ञानं तशाच एका दगडातून नवा धातू वेगळा केला आणि भुताचं नाव धातूला चिकटलं ते कायमचंच.

आज हे भूत आपल्या घरात ठिकठिकाणी आहे. जालन्याच्या कारखान्यांत बांधकामाच्या सळया तयार होतात, त्या पावसात ठेवल्या की गंजतात. पण आईच्या स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट गंजत नाही. का बरं? चांगल्या स्टीलच्या भांड्यांत शंभरात साधारण १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल असतो, म्हणून. आपलं वीस रुपयांचं बारा कोनांचं नाणं आठवा. त्याच्या बाहेरच्या कड्यात शंभरात २० भाग निकेल आहे. स्वस्त कानातले, घड्याळाचं बक्कल, पँटचं बटण, चेन, किल्ल्या यांतही तो असू शकतो.

नाणं मिनिटभर हातात धरलं म्हणून काही होत नाही. पण कानातलं दिवसभर कानात राहतं. घामात त्याचा निकेल अगदी सूक्ष्म प्रमाणात विरघळतो आणि कातडीत शिरतो. मग काय होतं?

लक्षात ठेवणारा पहारेकरी

आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. रोगजंतूंना ओळखून त्यांच्याशी लढायचं हे त्यांचं काम. काही जणांच्या शरीरातले पहारेकरी चुकून निकेललाच चोर समजतात आणि त्याचा चेहरा लक्षात ठेवतात. पुढे निकेल पुन्हा दिसला की ते गोळा होतात आणि त्या जागी खाज, लाली, फोड येतात. ही फौज सावकाश जमते. त्यामुळे त्रास दिसायला एक-दोन दिवस लागतात. म्हणूनच चिऊच्या आईला सुरुवातीला डुलांचा संशय आला नव्हता. एकदा लक्षात राहिलेला हा चेहरा पहारेकरी सहसा जन्मभर विसरत नाहीत.

डॉक्टरांनी हे ओळखलं कसं? त्यांनी चिऊच्या पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर वेगळा पदार्थ, एकीवर निकेलचा क्षार. दोन दिवस पाठ भिजवायची नाही! दोन दिवसांनी पट्ट्या काढून पाहिलं, मग आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. निकेलच्या पट्टीखालची जागा लाल होऊन सुजली होती, बाकीच्या जागा कोऱ्या. चोर सापडला! या पद्धतीची सुरुवात योसेफ याडासोन या डॉक्टरांनी १८९५ साली करून दाखवली होती. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तरी आजही हीच परीक्षा वापरतात.

निकेल ताटात कसा आला?

तुम्ही म्हणाल, "बाई, डुलांचं समजलं. पण तिळगुळात कुठं धातू असतो?" शाब्बास! प्रश्न अगदी बरोबर आहे.

तुमच्यापैकी कित्येकांच्या शेतात कपाशीला आणि उसाला युरिया टाकतात. वनस्पतींना युरियाचं रूपांतर करून त्यातला नत्र वापरता यावा, म्हणून त्यांच्याजवळ 'युरिएज' नावाचं विकर असतं. विकर म्हणजे शरीरातली कामं भराभर करून देणारा कारागीर. जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९२६ साली अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या बियांतून या युरिएजचे स्फटिक मिळवले. पुढे त्याला नोबेल पारितोषिकही मिळालं. आणि १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना आढळलं, की या कारागिराच्या पोटात निकेल आहे!

म्हणजे झाडालाच थोडा निकेल लागतो. ते तो मुळांनी जमिनीतून घेतं आणि बियांत साठवून ठेवतं. डाळी, हरभरा, वाटाणा, सोयाबीन, शेंगदाणे, तीळ, काजू, बदाम या सगळ्या बियाच की! म्हणून त्यांत निकेल जास्त. धान्याच्या सालीत आणि कोंड्यातही तो जास्त असतो. ही भेसळ नाही. निसर्गानंच तो तिथे ठेवला आहे. दूध आणि अंडी यांत तो अगदी कमी. साल काढलेल्या पांढऱ्या तांदळातही कमी.

परदेशात केलेल्या मोजमापांत १०० ग्रॅम कोको पावडरमध्ये साधारण १ मिलिग्रॅम निकेल आढळला, तर १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम. जमीन बदलली की हे आकडे कमी-जास्त होतात. रोजच्या सगळ्या जेवणातून मोठ्या माणसाच्या पोटात सर्वसाधारणपणे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम निकेल जातो आणि बहुतेकांना त्यानं काहीच होत नाही. तो आला तसा बाहेर पडतो.

मग पोटातल्या निकेलनं बोटांवर फोड येतात का? १९७५ साली स्वीडनमध्ये ख्रिस्टेन्सेन आणि म्योलर या डॉक्टरांनी हाताला इसब असलेल्या आणि निकेलचं वावडं असलेल्या १२ बायकांना निकेल पोटातून दिला. त्यांतल्या ९ जणींचं इसब वाढलं. म्हणजे येतात! पण त्यांनी दिलेली मात्रा ५.६ मिलिग्रॅम होती. रोजच्या जेवणाच्या जवळजवळ वीस पट किंवा त्याहूनही जास्त! म्हणून लक्षात ठेवा, निकेलचं वावडं असलेल्या प्रत्येकालाच जेवणानं त्रास होतो असं नाही. बऱ्याच जणांना नुसती धातूची वस्तू अंगावरून काढली की बरं वाटतं. थोड्या जणांनाच ताटाकडेही पाहावं लागतं.

यादी आली आणि ताट रिकामं झालं

चिऊच्या घरी मात्र उलटंच झालं. कुणी तरी नातेवाइकानं निकेल असलेल्या पदार्थांची लांबलचक यादी मोबाइलवर पाठवली. आईनं ती वाचली आणि एका दिवसात सगळं बंद करून टाकलं. वरण बंद, पिठलं बंद, उसळ बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, पालेभाजी बंद, भाकरीसुद्धा बंद! उरला नुसता भात आणि चहात बुडवून खायची मैद्याची बिस्किटं.

संक्रांतीच्या त्या प्रसंगानंतर मी संध्याकाळी चिऊच्या घरी गेले. मुलगी सुकून गेली होती. खेळाच्या तासाला ती झाडाखाली बसून का राहते, ते मला आता कळलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बाई, जे खाऊ घालावं ते यादीत हाये. लेकराला द्यावं तरी काय?"

विचार करा मुलांनो. आपल्या मराठवाड्यात मांस-मच्छी रोज कुठे असते? अंगात ताकद येते ती वरण-भाकरीनं, हरभऱ्यानं, शेंगदाण्यानं. आणि नेमकं तेच यादीत! २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १०० पैकी ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. तिथे ताटातून आणखी पदार्थ काढले तर कसं व्हायचं?

यातला खरा घोळ तर पुढेच आहे. आपल्या आतड्यात लोह आणि निकेल एकाच दारातून आत शिरतात. अंगात लोह कमी पडलं की ते दार जास्त उघडतं आणि निकेलही जास्त आत येतो. म्हणजे यादीला घाबरून लोह देणारं जेवण बंद केलं, तर निकेलचाच फायदा!

मी त्या दिवशी चिऊची आणि तिच्या आईची माफी मागितली. मग आम्ही तिघी मिळून पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, तर कमी निघालं. डॉक्टर आईला म्हणाले, "ताई, पदार्थ नुसता काढायचा नसतो. एक काढला की त्याच्या जागी दुसरा ठेवायचा."

चिऊचं नवं ताट

आधी डूल गेले. बेल्टच्या बक्कलामागे आईनं कापड शिवलं. मग सहा आठवडे कमी निकेलचं जेवण करून पाहायचं ठरलं. निकेल जेवणातून पूर्ण काढता येतच नाही, कारण तो थोडाफार सगळीकडे आहे. म्हणून जास्त असलेले पदार्थ तेवढे बाजूला ठेवायचे.

डॉक्टरांनी बाजूला ठेवायला सांगितलेले पदार्थ असे: चॉकलेट आणि कोको, सोयाबीन आणि सोयाच्या वड्या, शेंगदाणे, तीळ, काजू-बदाम, हरभरा आणि वाटाण्याची उसळ, ओट्स आणि डबाबंद पदार्थ.

आणि त्यांच्या जागी काय आलं? सकाळी रव्याचा उपमा नाही तर आपली मराठवाड्याची सुशीला. मुरमुरे तांदळाचेच ना! फक्त त्यात शेंगदाणे आणि डाळवं घालायचं नाही. बरोबर कपभर दूध. दुपारी दहीभात आणि काकडी. संध्याकाळी बटाट्याची, कोबीची किंवा फ्लॉवरची भाजी, नाही तर वांग्याचं भरीत, आणि ताक. ज्वारीची भाकरी एकाच वेळी, दुसऱ्या वेळी भात. आठवड्यातून तीन-चार दिवस उकडलेलं अंडं. पालेभाजी घेतली तर कोवळी, कारण जून पानांत निकेल जास्त असतो.

फळ कोणतं, सांगा पाहू? आपली मोसंबी! जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिच्यात क जीवनसत्त्व असतं. ते लोह अंगी लागायला मदत करतं आणि निकेलला अडवतं. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दूध आणि संत्र्याचा रस यांच्याबरोबर निकेल दिला, तेव्हा रक्तात तो कमी चढला होता. जेवणात लिंबू पिळलं तरी चालतं.

सगळ्यात कठीण काम कोणतं होतं, माहीत आहे? शेंगदाण्याचं कूट शोधणं! वांग्याच्या भाजीत कूट, भेंडीत कूट, कोशिंबिरीत कूट, साबुदाण्याच्या खिचडीत तर ओंजळभर कूट. शेंगदाणा दिसत नाही, पण असतो. चिऊची आजी म्हणाली, "कुटाबिगर भाजीला चव येत नाही." मग तिनंच ओलं खोबरं थोडंसं घालून पाहिलं, कधी नुसत्या दह्यात काकडी कालवली. आता तिला त्याचीच सवय झाली आहे.

चिऊनं एका वहीत रोज काय खाल्लं आणि बोटं कशी आहेत ते लिहिलं. सहा आठवड्यांनी फोड बरेच कमी झाले. मग डॉक्टरांनी एकेक पदार्थ परत द्यायला सांगितला. पहिलं आलं तुरीचं वरण, वाटीभर. चार दिवस थांबून वही पाहिली. काही झालं नाही! मग मुगाची डाळ आली, तीही चालली. सोयाच्या वड्या आणि कोकोची बिस्किटं यांनी मात्र फोड परत आले. शेंगदाणे चार चालतात, मूठभर चालत नाहीत. अशी चिऊची स्वतःची यादी तयार झाली, आणि ती मोबाइलवरच्या यादीपेक्षा कितीतरी छोटी निघाली.

भांडी आणि पाणी

स्टीलच्या ताटात जेवायचं की नाही? जेवायचं, खुशाल जेवायचं. पण चिंचेचं सार, टोमॅटोची आमटी असे आंबट पदार्थ स्टीलच्या भांड्यात तासन् तास उकळत किंवा रात्रभर ठेवू नयेत. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात २०१३ साली हा प्रयोग झाला. टोमॅटोचा सॉस स्टीलच्या भांड्यात शिजवला तेव्हा त्यात निकेल उतरला. कोऱ्या भांड्यातून जास्त उतरला आणि भांडं वापरून वापरून कमी होत गेला. भाजीला आजीची लोखंडी कढई उत्तम. तिच्यातून थोडं लोहही मिळतं.

त्याच २०१३ साली डॉ. अशिमव देब शर्मा या भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात निकेलचं वावडं असणाऱ्यांच्या आहाराबद्दल लिहिलं. त्यात नळाची एक गोष्ट आहे. रात्रभर धातूच्या नळात थांबलेल्या पाण्यात निकेल उतरतो, म्हणून सकाळचं पहिलं पाणी पिऊ नये. तसं पाहिलं तर जेवणातल्या निकेलपैकी अगदी थोडाच अंगात शिरतो, पण उपाशीपोटी प्यालेल्या पाण्यातला बराच जास्त शिरतो. मात्र आपल्याकडे पाणी सांडून कसं चालेल? पहिली बादली सडा टाकायला, भांडी घासायला, तुळशीला. प्यायचं पाणी त्यानंतर भरायचं. झालं काम!

मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा

शेंगदाण्याची आणखी एक वेगळी अ‍ॅलर्जी असते. तीत एखादा दाणाही जिवावर बेतू शकतो. मिनिटांत ओठ सुजतात, श्वास कोंडतो. असं झालं तर ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. निकेलचं तसं नाही. ते हळूहळू साठलेल्या मात्रेचं दुखणं आहे. चिऊनं चुकून तिळगुळाचा एक कण खाल्ला तर घाबरायचं कारण नाही. पण कोणाचं वावडं कोणत्या प्रकारचं आहे ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून "खा गं, काही होत नाही" असा आग्रह कुणालाच करायचा नाही. "का गं चालत नाही?" असं विचारायचं, आणि हसायचं तर मुळीच नाही.

पालकांसाठी चार शब्द

मुलांच्या अंगावर धातू टेकतो त्याच जागी पुरळ येत असेल, तर आधी ती वस्तू काढा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. परीक्षा झाल्याशिवाय जेवणातला एकही पदार्थ स्वतःच्या मनानं बंद करू नका. वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटातून डाळ काढणं ही साधी गोष्ट नाही. काढावीच लागली तर थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि तिच्या जागी अंडं, दूध, दही ठेवून. वजन आणि रक्त तपासून घ्या. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुलं घेतात का, तेही पाहा. वावडं असेल तर शाळेच्या बाईंना किंवा गुरुजींना चिठ्ठी लिहून कळवा. माझ्यासारखी चूक दुसऱ्या कुणाची व्हायला नको.

लेकींचे कान टोचताना आणि जखम भरेपर्यंत स्वस्त धातू घालू नका. डेन्मार्कनं १९९० साली अंगाला लागणाऱ्या वस्तूंतून निकेल सुटू नये म्हणून कायदा केला. त्या कायद्यानंतर कान टोचलेल्या मुलींमध्ये हे वावडं कमी आढळलं. आपल्या आज्या सोनाराकडून सोन्याच्या तारेनं कान टोचून घ्यायच्या आणि पुढे कडुनिंबाची काडी घालायच्या. त्यात शहाणपण होतं. हौसेला काचेच्या बांगड्या आहेतच!

या आठवड्याचा उपक्रम

एक आठवडा स्वयंपाकघरातले गुप्तहेर व्हा. घरात कोणकोणत्या पदार्थांत शेंगदाण्याचं कूट, तीळ किंवा बेसन पडतं ते आईला, आजीला, बाबांना विचारून वहीत लिहा. मग त्यांतला एक पदार्थ निवडा आणि तो चिऊला खाता यावा म्हणून काय बदलता येईल, ते मोठ्यांच्या मदतीनं शोधा. सगळ्यात चविष्ट युक्ती मला पत्रानं कळवा.

आणि हो, चिऊचं पुढे काय झालं ते राहिलंच की! ती आता पाचवीत आहे. बोटांवर थंडीत कधीमधी एखादा फोड येतो, मग ती स्वतःच वही उघडून आठवड्यात काय खाल्लं ते पाहते. खेळाच्या तासाला झाडाखाली आता कुणी बसत नाही. पहिल्या बाकावर तिची जागा आहे. आणि यंदा तिच्या वर्गानं न सांगताच ठरवलं आहे, की तिळगुळाच्या डब्याशेजारी मुरमुऱ्याच्या लाडवांचा डबा ठेवायचा. मुरमुऱ्याचे लाडू कुणी आणायचे यावरून काल थोडी भांडणंही झाली. सगळ्यांनाच आणायचे आहेत!

तुम्हां सर्वांना संक्रांतीच्या गोड गोड शुभेच्छा.

तुमची,
बाई